न ऐकता ऐकू येते ते

श्रोतेहो, बडोद्याहून मुंबईकडे निघालेल्या रात्रीच्या एखाद्या गाडीची कल्पना करा. खिडकीशी बसलेले एक गृहस्थ पुस्तक वाचण्यात गढून गेले आहेत. रुळांवरून धावणाऱ्या चाकांचा एकसुरी घरघराट कितीतरी वेळ चालू आहे; परंतु तो त्यांच्या खिजगणतीतही नाही. भरूच स्टेशन मागे पडते, गाडी नर्मदेच्या पुलावर शिरते आणि त्या घरघराटाला एकाएकी पोकळ, घुमणारा नाद येतो. गृहस्थांची मान आपोआप वर होते. ‘पूल आला वाटते!’ असे ते स्वतःशीच म्हणतात, क्षणभर बाहेरच्या काळोखात पाहतात आणि पुन्हा पुस्तकात डोके घालतात.

प्रसंग अगदी साधा आहे. परंतु त्यात एक कोडे दडलेले आहे. हे गृहस्थ चाकांचा आवाज ऐकतच नव्हते, तर तो बदलला हे त्यांना कळले कसे? बदल हा शब्दच मुळी दोन गोष्टींची तुलना सुचवितो. आधी काय होते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला आता वेगळे काय झाले हे सांगता यावयाचे नाही. म्हणजे गृहस्थ पुस्तक वाचीत असताना त्यांच्या वतीने दुसरे कोणीतरी तो घरघराट लक्षपूर्वक ऐकत होते, त्याची आठवण ठेवीत होते आणि येणारा प्रत्येक नवा क्षण त्या आठवणीशी ताडून पाहत होते, असेच म्हणावे लागते.

असे अनुभव आपणा सर्वांना येतात. पिठाच्या गिरणीत गेलात, तर गिरणीवाला गिऱ्हाइकांशी गप्पा मारीत असतो. तेवढ्यात त्याचा हात अचानक बोलणे न थांबविता यंत्राकडे जातो, कारण वरचे दाणे संपत आल्याने जात्याचा सूर पालटलेला असतो. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या गृहिणीला चुलीवरच्या उकळीचा आवाज बदलला, की दूध वर येत असल्याचे न पाहता कळते. ह्या ‘न ऐकता ऐकणाऱ्या’ यंत्रणेचा शास्त्रज्ञांना शोध कसा लागला, तिचे काम कसे चालते आणि तिच्यापासून आपण काय शिकावयाचे, ह्याविषयी आज चार शब्द बोलावे असा विचार आहे.

ह्या प्रश्नाची पहिली चाहूल लागली ती रशियात. इव्हान पाव्हलॉव्ह ह्या शरीरशास्त्रज्ञाचे कुत्र्यांवरील प्रयोग सर्वांना माहीत आहेत. प्रयोग चालू असता काही अनपेक्षित आवाज झाला, की कुत्रा सारे सोडून तिकडे कान टवकारी आणि मान वळवी. ह्या प्रतिक्रियेला पाव्हलॉव्हने मोठे बोलके नाव दिले : ‘हे काय आहे?’ ही प्रतिक्षिप्त क्रिया. पुढे १९६०च्या सुमारास येवगेनी सोकोलॉव्ह ह्या मॉस्कोतील शास्त्रज्ञाने तिचा अधिक बारकाईने अभ्यास केला. एकच आवाज पुन्हा पुन्हा ऐकविला, की माणसाची ही प्रतिक्रिया मंदावत जाऊन नाहीशी होते. ह्यात नवल नाही. नवल पुढेच आहे. त्याच आवाजाची तीव्रता वाढविली तर ती प्रतिक्रिया परत येते. परंतु तीव्रता कमी केली, तरीदेखील ती परत येते! आवाज क्षीण झाला म्हणजे कानावरचा आघात कमी झाला. मग दचकण्याचे कारण काय? कारण एवढेच, की तो अपेक्षेप्रमाणे नव्हता. मेंदू ऐकलेल्या आवाजाची एक प्रतिकृती आपल्यापाशी बाळगतो आणि येणारा आवाज तिच्याशी जुळला नाही म्हणजे तो सावध होतो, असे सोकोलॉव्हने प्रतिपादन केले.

परंतु ही तुलना मेंदूत नेमकी केव्हा होते आणि ती होण्यासाठी आपले लक्ष असावे लागते की नाही, हे मान वळण्यावरून किंवा नाडीच्या ठोक्यांवरून ठरविता येत नव्हते. त्यासाठी प्रत्यक्ष मेंदूचीच नाडी पाहावयास हवी होती. हे साधन जर्मनीतील येना येथील हान्स बेर्गर ह्या मानसोपचारतज्ज्ञाने उपलब्ध करून दिले होते. माणसाच्या मेंदूतील विद्युत्‌तरंगांचे आलेखन त्याने १९२४मध्ये प्रथम केले आणि १९२९मध्ये ते प्रसिद्ध केले. डोक्याच्या कातडीवर धातूच्या लहान चकत्या बसवून हे तरंग टिपता येतात. त्यात शस्त्रक्रिया नाही, वेदना नाही आणि धोकाही नाही.

अडचण होती ती वेगळीच. एखादा आवाज ऐकल्यावर मेंदूत जी लहानशी विद्युत्‌लहर उमटते, ती काही मायक्रोव्होल्टांची असते. आणि मायक्रोव्होल्ट म्हणजे एका व्होल्टचा दहा लाखावा भाग. उलट मेंदूचे जे अखंड आंदोलन चालू असते, ते ह्याच्या कितीतरी पट मोठे असते. भर बाजारात कोणी कानाशी कुजबुजावे, तशी ही स्थिती. ह्यावर तोड निघाली ती सरासरीची. तोच आवाज शेकडो वेळा ऐकवावयाचा आणि प्रत्येक वेळचा आलेख एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढावयाची. मेंदूच्या इतर आंदोलनांचा त्या आवाजाशी काही संबंध नसल्यामुळे ती कधी वर तर कधी खाली असतात आणि सरासरीत परस्परांना खोडून टाकतात. आवाजाला मिळालेले उत्तर मात्र प्रत्येक वेळी ठरावीक क्षणी येत असल्यामुळे तेवढे शिल्लक राहते.

आता मुख्य शोधाकडे वळू. रिस्टो नॅटॅनेन हे फिनलंडचे मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह नेदरलंड्समधील सूस्टरबर्ग येथील संशोधनसंस्थेत काही प्रयोग केले आणि १९७८मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रयोगाची योजना अशी : माणसाच्या दोन्ही कानांत स्वरांच्या दोन वेगवेगळ्या मालिका ऐकवावयाच्या. एका कानाकडे त्याने लक्ष द्यावयाचे आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करावयाचे. प्रत्येक मालिकेत एकच स्वर पुन्हा पुन्हा येई. परंतु मधूनच, केव्हा येईल ह्याचा नेम नसताना, त्याहून किंचित निराळा असा एखादा स्वर येई. ह्या वेगळ्या स्वराला मिळालेल्या उत्तरातून नेहमीच्या स्वराला मिळालेले उत्तर वजा केले, तेव्हा एक स्पष्ट लहर उरली. बदल घडल्यापासून साधारणपणे एक दशांश ते पाव सेकंदाच्या आत ती उमटत होती. कपाळाच्या बाजूला ती ऋण दिशेने जात असल्यामुळे तिला ‘मिसमॅच निगेटिव्हिटी’ असे नाव मिळाले. आपण तिला ‘विसंगतीची लहर’ म्हणू.

विशेष हे, की ज्या कानाकडे माणसाचे लक्ष होते त्याच कानातील बदलावर ही लहर उमटली असे नाही. दुर्लक्षित कानातील बदलावरही ती उमटली. त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांत हा प्रयोग असंख्य वेळा झाला. आता तर ज्याची परीक्षा घ्यावयाची त्याला एखादे पुस्तक वाचावयास देतात किंवा ध्वनी बंद केलेला चित्रपट दाखवितात आणि कानांत पडणाऱ्या स्वरांकडे मुळीच लक्ष देऊ नका, असे बजावतात. तो वाचनात किंवा चित्रात रंगून जातो आणि तरीही विसंगतीची लहर आपल्या वेळी हजर होते. बदल मोठा असेल तर ती लवकर आणि जोरकस येते. बदल सूक्ष्म असेल तर ती थोडी उशिरा आणि क्षीण येते.

येथे एखादा चिकित्सक श्रोता विचारील, की ह्यात आठवण, तुलना असल्या मोठ्या शब्दांची गरज काय? नेहमीचा स्वर ऐकून ऐकून त्या स्वराच्या मज्जापेशी थकल्या असतील. वेगळ्या स्वराला ताज्या पेशी मिळाल्या, म्हणून उत्तर जोरात आले, एवढेच! ही शंका रास्त आहे आणि तिच्यात सत्याचा अंशही आहे. वारंवार येणाऱ्या स्वराला मेंदूच्या श्रवणकेंद्रातील पेशींचे उत्तर खरोखरच मंदावते आणि विरळा स्वराला ते टवटवीत राहते, हे इस्रायलमधील संशोधकांनी २००३मध्ये मांजरांवरील प्रयोगांत दाखवून दिले. परंतु एवढ्याने सगळा उलगडा होत नाही. नेहमीच्या स्वराहून हळू असा स्वर आला तरी लहर उमटते. नेहमीपेक्षा आखूड स्वर आला तरी उमटते. स्वर फार जलद, म्हणजे सेकंदास सात-आठ ह्या गतीने चालू असताना त्यांतला एखादा गाळला, तरीही ती उमटते. तेथे तर कानावर काही पडलेलेच नसते. जे यावयास हवे होते ते आले नाही, एवढ्याचीच ती नोंद असते.

ह्याहूनही बोलका एक प्रयोग फिनलंडमध्येच १९९२मध्ये झाला. त्यात एकच स्वर पुन्हा पुन्हा ऐकविला नव्हता. स्वरांच्या जोड्या ऐकविल्या होत्या आणि प्रत्येक जोडी निराळ्या पट्टीतली होती. नियम एवढाच, की प्रत्येक जोडीतला दुसरा स्वर पहिल्याहून चढा असावयाचा. मधूनच एखाद्या जोडीत दुसरा स्वर उतरता असे आणि तेथे विसंगतीची लहर उमटे. थकावयाला येथे कोणताही एक स्वर नव्हताच. मोडला होता तो नियम. आणि तो नियम, माणूस दुसऱ्याच कामात गुंतलेला असता, त्याच्या मेंदूने आपल्या आपण हुडकून काढला होता! ज्यांनी गाण्याच्या बैठकी ऐकल्या आहेत, त्यांना हे पटावयास वेळ लागणार नाही. तबलजीची एखादी मात्रा घसरली, तर शेजाऱ्याशी कुजबुजणारा श्रोताही चमकून वर पाहतो. तो मात्रा मोजीत नसतो. परंतु आवर्तन त्याच्या अंगात चालू असते.

म्हणून आजचे बहुतेक शास्त्रज्ञ ह्या लहरीकडे वेगळ्या दृष्टीने पाहतात. मेंदू हा केवळ आलेल्या बातम्यांची नोंद करणारा कारकून नाही. पुढच्या क्षणी काय येणार ह्याचा तो सतत अंदाज बांधीत असतो. अंदाज बरोबर ठरला, की प्रकरण तेथेच मिटते. मनापर्यंत वर्दी देण्याचे कारणच उरत नाही. अंदाज चुकला, की चुकीची सूचना वर जाते आणि पुढचा अंदाज सुधारला जातो. कानांच्या वरच्या अंगास मेंदूच्या दोन्ही बाजूंना जी श्रवणकेंद्रे आहेत, तेथे ह्या लहरीचा मुख्य उगम आहे आणि कपाळामागच्या भागाचाही तिच्यात वाटा आहे. श्रवणकेंद्र चूक पकडते आणि पुढचा भाग आपले लक्ष तिकडे वळविण्याची सिद्धता करतो, असा सर्वसाधारण समज आहे. बदल पुरेसा ठळक असेल, तर ह्या लहरीपाठोपाठ दुसरी एक लहर येते आणि तेव्हा आपण खरोखरच मान वर करतो. गाडीतील गृहस्थांनी ‘पूल आला वाटते’ असे म्हणण्यापूर्वीच सारा निवाडा होऊन गेलेला होता. त्यांच्या मनाला कळले ते निकालपत्र!

ह्याचा व्यवहारातही एक अर्थ आहे. हा पहारा आपण हुकूम देऊन बंद करू शकत नाही. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला आपण म्हणतो, ‘बाहेरच्या आवाजाकडे लक्ष देऊ नकोस.’ परंतु लक्ष देण्यापूर्वीच जे घडते, त्यावर त्याचा काय ताबा? माणूस दुसऱ्या कामात असता मधूनच वेगळा स्वर आला, तर त्याच्या उत्तरास किंचित विलंब होतो, हे प्रयोगांत वारंवार दिसून आले आहे. पंख्याच्या एकसुरी घरघरीचा अभ्यासाला फारसा उपद्रव होत नाही; सतत बदलणाऱ्या, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणाऱ्या आवाजाचा होतो. तेव्हा शेजारचा ध्वनिक्षेपक आणि मुलाचे चंचल मन ह्यांच्यात दोष कोणाकडे द्यावयाचा, ह्याचा वडीलधाऱ्यांनी एकदा फेरविचार करावा, हे बरे.

आता मी ह्या विषयाच्या त्या भागाकडे येतो, जो आपल्यासारख्या परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना अधिक जवळचा वाटावा. मेंदूचा अंदाज जर आठवणीवर उभा असेल, तर ती आठवण केवळ गेल्या काही सेकंदांचीच असते काय? नाही. तिच्याखाली आयुष्यभराच्या श्रवणाचा पाया असतो. नॅटॅनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. फिनिश आणि एस्टोनियन ह्या एका कुळातील शेजारी भाषा. दोहोंतील बरेचसे स्वर सारखे आहेत. परंतु एस्टोनियन भाषेत एक स्वर असा आहे, की जो फिनिश भाषेत नाही. दोन्ही भाषांच्या माणसांना हे स्वर ऐकविले. दोघांचे कान सारखेच निकोप, ऐकविलेला ध्वनी तोच. परंतु त्या विशिष्ट स्वरावर एस्टोनियन माणसांच्या मेंदूत जोरदार लहर उमटली, तर फिनिश माणसांच्या मेंदूत ती क्षीण होती. मातृभाषेत ज्या ध्वनीला घर मिळाले आहे, त्याला मेंदू डाव्या बाजूच्या श्रवणकेंद्रात जणू पाट मांडून ठेवतो.

पुढच्याच वर्षी हाच प्रश्न त्यांनी तान्ह्या मुलांपुढे ठेवला. मूल बोलत नाही, उत्तर देत नाही; परंतु ही लहर उमटण्यास त्याचे सहकार्य लागत नाही, हाच तिचा मोठा उपयोग आहे. सहा महिन्यांच्या फिनिश बालकांच्या मेंदूने त्या परक्या स्वराला, ध्वनीतील अंतर पाहता, योग्य तेवढे उत्तर दिले. तीच मुले वर्षाची झाली, तेव्हा ते उत्तर मंदावले होते. उलट वर्षाच्या एस्टोनियन मुलांत ते जोरकस होते. म्हणजे मूल पहिला शब्द उच्चारण्याच्या सुमारासच, त्याच्या भोवती जी भाषा बोलली जाते तिच्या मापाने त्याचा कान बेतला जाऊ लागतो. ह्याचा आरंभ तर त्याहूनही आधी होतो. १९९०मध्ये निद्रिस्त नवजात बालकांतही ही लहर आढळली होती. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फिनिश प्रयोगात, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत मातांनी एक निरर्थक शब्द वारंवार लावून ठेवला होता. जन्मानंतर त्यांच्या बाळांच्या मेंदूने त्या शब्दातील बदल इतर बाळांपेक्षा अधिक स्पष्टपणे टिपले.

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांत एक तक्रार नेहमी ऐकू येते : मुलांना ‘ळ’ म्हणता येत नाही, ती ‘मूळ’ला ‘मूल’ म्हणतात आणि ‘काळा’ला ‘काला’. आजी हसते, वडील रागावतात. प्रमाण हिंदीत हा ‘ळ’ नाही. बडोद्याच्या मुलाच्या कानावर तो गुजरातीतून पडतो, बेळगावच्या मुलाच्या कानावर कानडीतून आणि गोव्याच्या मुलाच्या कानावर कोकणीतून. परंतु माळव्यातील मुलाला तो घरातूनच मिळावयास हवा. तसेच ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चारा’मधला ‘च’ ह्यांतील भेद. लिपी तो दाखवीत नाही. तो फक्त कानानेच शिकावयाचा असतो. ज्या मुलाच्या कानावर हे ध्वनी पहिल्या वर्षात पुरेसे पडलेच नाहीत, त्याची जीभ अडखळली तर त्यात हट्ट नाही आणि आळसही नाही. जिभेच्या आधी कानाला शिकवावे लागते; आणि कान शिकतो तो रागावल्याने नव्हे, तर ऐकल्याने.

परंतु ह्यावरून कोणी निराश होण्याचे कारण नाही. ह्याच पद्धतीने केलेला आणखी एक प्रयोग आहे आणि तो मला विशेष आश्वासक वाटतो. हंगेरियन भाषेत नसलेला असा एक स्वरभेद फिनिश भाषेत आहे. फिनिश न जाणणाऱ्या हंगेरियन माणसांच्या मेंदूने त्या भेदाची दखल घेतली नाही. परंतु जे हंगेरियन लोक काही वर्षे फिनलंडमध्ये राहून ती भाषा सराईतपणे बोलू लागले होते, त्यांच्या मेंदूत खुद्द फिनिश माणसांसारखीच विसंगतीची लहर उमटली. हे निष्कर्ष १९९९चे. प्रौढपणी परगावी जाऊन राहिलेल्या माणसांचा कानही नवी भाषा आपलीशी करू शकतो. आणि तसे करताना पहिली भाषा हद्दपार करावी लागते, असे ह्यात कोठेही दिसत नाही. त्याच वर्षी जर्मनीत झालेल्या एका प्रयोगात, सुरात किंचित उणा असलेला स्वरमेळ व्हायोलिनवादकांच्या मेंदूने, ते वाचनात दंग असतानाही, हेरला. संगीत न शिकलेल्यांच्या मेंदूने तो हेरला नाही. रियाज केवळ बोटांचा होत नाही. तो ह्या पहारेकऱ्याचाही होतो.

आता अखेरचा भाग, आणि तो थोडा गंभीर आहे. ज्या अर्थी ह्या लहरीला माणसाचे लक्ष लागत नाही, त्या अर्थी जो माणूस लक्ष देऊच शकत नाही, त्याच्या मेंदूची विचारपूसही तिच्या साहाय्याने करता यावयास हवी. अपघाताने किंवा आजाराने बेशुद्धीत गेलेला रुग्ण हाकेला ओ देत नाही आणि डोळे उघडीत नाही. खाटेशी बसलेल्या नातेवाइकांच्या मनात एकच प्रश्न असतो : ‘आत कोणी जागे आहे काय?’ १९९३पासून ह्या दिशेने संशोधन प्रसिद्ध होऊ लागले. फ्रान्समधील लिओं येथील कॅथरीन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेशुद्ध रुग्णांच्या कानी स्वरमालिका ऐकवून त्यांच्या मेंदूचे आलेख घेतले आणि १९९९मध्ये आपले निष्कर्ष मांडले. ज्यांच्या मेंदूत विसंगतीची लहर आढळली, त्यांतील फार मोठ्या बहुसंख्येला पुढे शुद्ध आली.

येथे दोन गोष्टी फार जपून सांगितल्या पाहिजेत. लहर दिसणे हे शुभचिन्ह आहे. परंतु ती न दिसणे हे अशुभाचे भाकीत नव्हे. ती न दिसलेले कित्येक रुग्णही शुद्धीवर आले आहेत. निरोगी प्रौढ माणसाच्या गाढ झोपेतही ती क्षीण होते. तेव्हा एका आलेखावरून कोणी आशा सोडावी, असा ह्या परीक्षेचा अर्थ करणे हा तिचा दुरुपयोग होईल. दुसरी गोष्ट अशी, की ही लहर म्हणजे समज नव्हे. पहारेकरी जागा आहे, एवढेच ती सांगते. घरधनी जागा आहे की नाही, हे ती सांगत नाही. ह्याच प्रकारे, स्किझोफ्रेनिया ह्या मनोविकाराच्या रुग्णांत ही लहर सरासरीने क्षीण असते, असे १९९१पासून अनेक ठिकाणी आढळून आले. त्यामुळे ह्या विकाराचे मूळ केवळ विचारांत नसून मेंदूच्या अगदी प्राथमिक व्यवहारांतही आहे, हे समजण्यास मोठे साहाय्य झाले. परंतु सरासरी ही समूहाची असते. एकट्या माणसाच्या आलेखावरून त्याला हा विकार आहे किंवा नाही, असे कोणी ठरवू नये.

तरीसुद्धा ह्या ज्ञानाने आपल्या वागण्यात एक फरक पडावयास हवा, असे मला वाटते. बेशुद्ध माणसाच्या उशाशी बसून आपण त्याच्याविषयी ‘त्याला कुठे ऐकू येते आहे!’ असे किती सहज बोलून जातो! खाटेवरचे शरीर निश्चल आहे, म्हणून कानापलीकडचे सारे व्यवहार थांबलेच आहेत, असे समजण्याचा अधिकार आपल्याला राहिलेला नाही. आपल्या माणसाशी त्याच्या ओळखीच्या भाषेत, नेहमीच्या आवाजात चार शब्द बोलावे. त्याने तो बरा होईल असे वचन शास्त्र देत नाही. परंतु ज्याच्याविषयी आपल्याला खात्री नाही, तो ऐकतो आहे असे धरून चालणे, ह्यात माणुसकी आहे आणि शास्त्राशी विरोधही नाही.

तान्ह्या बाळाविषयीही हेच म्हणता येईल. त्याला काही कळत नाही, असे म्हणून घरातील मोठी माणसे त्याच्याशी बोलावयाचे टाळतात किंवा एखादे यंत्र लावून देऊन मोकळी होतात. शब्दांचा अर्थ त्याला कळत नसेलही. परंतु त्याचा मेंदू त्या वेळी एका भाषेची चाल, तिचे ध्वनी आणि तिचे नियम ह्यांचे माप घेत असतो. पाळण्याशी गायिलेली ओवी, अंगणात कोणाला तरी मारलेली हाक आणि स्वयंपाकघरातील बोलणे ह्यांतूनच त्याच्या अपेक्षा घडतात. आणि पुढे आयुष्यभर त्याच्या कानाला काय खटकावे आणि काय खटकू नये, हे त्या अपेक्षांवरच ठरते.

श्रोतेहो, आपल्यापैकी कित्येक जण हे भाषण ऐकता ऐकता दुसरेच काही काम करीत असतील. कोणी भाजी निवडीत असेल, कोणी हिशेबाची वही पाहत असेल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. हे बोलणे मध्येच, एखाद्या वाक्याच्या अर्ध्यावर तुटले असते, तर ज्यांचे लक्ष नव्हते त्यांनीही मान वर केली असती, हे मला ठाऊक आहे. आपण लक्ष देत नव्हता. परंतु आपल्या ठिकाणी कोणीतरी शेवटपर्यंत ऐकत होते. त्याच्या कानी रोज काय पडू द्यावयाचे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.